कुहीची तांबड्या पायांची माशी

विद्यापीठातल्या माझ्या मॅडम दिवाळीनंतर रिटायर होणार होत्या, म्हणून आम्ही दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी कुहीला निघालो. नक्की साल विचारू नका. ऐंशीच्या दशकातलं, नागपूरच्या इतवारी स्टेशनातून नॅरोगेजची छोटी गाडी सुटायची तेव्हाचं. माझ्या ब्लॉगवर बरेच जण विचारतात, नागपूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं काय आहे? तर कुहीकडे जा, धानाचे बांध पाहा. आम्ही मात्र माश्या पकडायला गेलो होतो.

घरी सांगितलं तेव्हा आईनं कपाळाला हात लावला. "लोकं माश्या हाकलते, अन् तू तिकीट काढून पकडाले चालली? काहून वं, नागपुरात माश्या नाही का?"

होत्या की. पण आमची माशी घरातली नव्हे. लुटारू माशी म्हणतात तिला. बोटाच्या दोन पेरांएवढी, तोंडावर दाट मिशा. वाळक्या काडीच्या टोकावर दबा धरून बसते, समोरून मधमाशी किंवा चतुर गेला की झेप घेते, हवेतच धरते आणि सोंड खुपसून आतून शोषून घेते. मला ती फार आवडायची. मॅडमचा तर तिच्यावर जीवच होता. मी त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते, म्हणजे बाटल्या धुवत होते म्हणा ना.

मॅडमचं म्हणणं एकच होतं. नागपूरच्या टेकड्यांवर सापडते ती काळ्या पायांची लुटारू माशी आणि कुहीजवळच्या नदीकाठी सापडते ती तांबड्या पायांची, या दोन वेगळ्या जाती आहेत. कधीतरी फार पूर्वी त्यांच्या वाटा फुटल्या. एका परिषदेत त्यांनी तसं पानभर टिपणही वाचलं होतं. आमच्याच प्राणिशास्त्राच्या खात्यात मेलेले कीटक टाचणीला टोचून पेट्यांमध्ये सांभाळणारे एक सर होते. ते भर सभेत म्हणाले, "मॅडम, कुहीकडे पायाले ऊन जास्त लागत असन." सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

पुरावा द्यायचा तर गुणसूत्रं मोजून दाखवायची. त्या काळी त्यासाठी जिवंत नर लागायचा. त्याच्या पोटातल्या पेशी ताज्या काढायच्या, काचेवर दाबायच्या, रंगवायच्या. माशी मेली की पेशी सडल्या, संपला विषय. रिटायर झाल्यावर मॅडमना ना सूक्ष्मदर्शक मिळणार होता ना खोली. जे व्हायचं ते त्याच ऑक्टोबरात.

इतवारीला तर्री-पोहे खाल्ले. तर्री अशी की डोळ्यांतून पाणी आलं. स्टेशनाबाहेर बर्फ घेऊन मोठ्या थर्मासात भरला. तिकीट अगदी स्वस्त होतं आणि गाडीची चालही त्याच भावाची. दिघोरी मागे पडलं तसा एक माणूस खाली उतरला, शेतातून दोन काकड्या तोडून परत डब्यात चढला. अर्धी काकडी मला मिळाली, त्यामुळे तक्रार नाही.

कुहीला माझ्या मैत्रिणीचे मामा, भाऊरावमामा, बैलबंडी घेऊन आले होते. त्यांचं गाव नदीकाठी. मामांनी जाळ्या पाहिल्या, थर्मास पाहिला, मग मॅडमकडे पाहिलं.

"मॅडम, ह्या माश्या कामाच्या काय? दवाई होते का याची?"

"नाही हो. त्यांचं कूळ शोधायचं आहे."

"असं." मामांनी थर्मास बंडीत ठेवला. मग म्हणाले, "आमचं सापडते का पाहा बरं त्यातच."

दुपारचं ऊन म्हणजे लुटारू माशीची बाजाराची वेळ. मॅडमनी पदर खोचला, चपला बांधावर काढल्या आणि जाळी घेऊन निघाल्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई, सांधे दुखतात म्हणून खात्याचा जिना थांबून थांबून चढणारी, धानाच्या बांधावरून अक्षरशः पळत होती. एका ठिकाणी घसरल्या आणि चिखलात बसल्याच. मी धावले, तर जाळीचं तोंड मुठीत घट्ट धरून हसत होत्या. "नर आहे गं! पाय बघ!" पाय तांबडे, विटेच्या रंगाचे. इतक्या खूश मॅडम मी पुन्हा पाहिल्या नाहीत.

सात-आठ नर मिळाले. प्रत्येकाला वेगळी काचेची नळी, नाहीतर एकमेकांना खातात. तोंडाला ओला कापूस, सगळ्या नळ्या थर्मासात. मामींनी जेवायला वाढलं: गरम भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, अंबाडीची भाजी. "घे वं पोरी, लाजून काय राहिली," म्हणत तिसऱ्यांदा भात वाढला. तिकडे गेलात तर लाखोळीचं वरण मागून खा. हॉटेलात मिळणार नाही, कुणाच्या तरी घरी जेवावं लागेल.

परतीच्या गाडीनं घात केला. कुही सोडून थोडं पुढे आलो आणि इंजिन बसलं. ना झाड, ना पाणी, वरून पत्रा तापलेला. बर्फाचं कधीच पाणी झालं होतं. मॅडमनी आपला पदर पिण्याच्या पाण्यात भिजवून थर्मासाभोवती गुंडाळला आणि तो मांडीवर धरून बसल्या. समोरच्या बाईंनी विचारलं, "लेकराचं दूध आहे का?" मॅडमनी पदरावर आणखी पाणी शिंपडलं. दुसरं इंजिन आलं तोवर ऊन उतरलं होतं.

इतवारीला प्लॅटफॉर्मवरच त्यांनी एकेक नळी उजेडात धरली, हलवून पाहिली. सगळ्या माश्या गेल्या होत्या.

मी म्हटलं, "मॅडम, वाळवून ठेवूया का? पेटीत लावता येतील."

"कोणाच्या पेटीत? त्या सरांच्या?" त्यांचा आवाज चढला. मग एकदम खाली आला. "मेलेल्या माशीला मी काय विचारू गं?"

पेशी पाहणाऱ्यांची हीच रीत होती. मेलं ते टाकायचं, नळ्या धुवायच्या, कारण नळ्या खात्याच्या. त्यांनी प्लॅटफॉर्मवरच्या नळाखाली सगळ्या नळ्या धुतल्या, पुसल्या आणि पिशवीत भरल्या. मी पिशवी धरून उभी होते.

दिवाळीआधी पुन्हा जाणं जमलं नाही, आणि मॅडम रिटायर झाल्या. मी बी.एड. करून शाळेत लागले. पुढे धरण झालं, मामांचं गाव उठलं, बांध पाण्याखाली गेले. मॅडम जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मागच्या पावसाळ्यात बंगळुरूहून एका मुलीचा फोन आला. ती लुटारू माश्यांचा जिनोम वाचते, म्हणजे अख्खी जनुकं अक्षर न् अक्षर वाचून कोणती जात कुठल्या फांदीवरून कधी फुटली ते काढते. मॅडमचं ते पानभर टिपण तिला कुठेतरी सापडलं होतं आणि खात्यातून माझा नंबर मिळाला होता. "ताई, तांबड्या पायांची एखादी माशी आहे का हो कुणाकडे? वाळलेली चालेल. अख्खी नको, एक पायसुद्धा पुरेल."

ऑक्टोबरात जाऊन शोधून बघते, असं मी तिला म्हटलं.

ऑक्टोबरात भाचीला गाडी काढायला लावली आणि कुहीला गेले. छोटी लाईन बंद झालीय, पण रस्ता झकास आहे. सकाळी निघा, नाश्ता करूनच निघा, पाणी भरपूर ठेवा. धरणाच्या काठी लोक फोटो काढायला येतात आणि खरंच सुंदर दिसतं ते. मी मात्र दुपारभर काठाकाठानं वाळक्या काड्या बघत फिरले. काळ्या पायांची एक दिसली. तांबड्या पायांची नाही. भाचीनं बिचारीनं दोनदा चहा पाजला.

घरी येऊन त्या मुलीला फोन केला. ती हळहळली. म्हणाली, "मग लेखात कुहीचा उल्लेख गाळावा लागेल, ताई. नमुन्याशिवाय काहीच म्हणता येत नाही." तिचंही बरोबर आहे. मी म्हटलं, गाळ बाई.

मॅडम चुकीच्या ठरल्या असत्या तरी मला चाललं असतं. उन्हानंच पाय तांबडे झाले होते असं निघालं असतं, तरी त्या हसून म्हणाल्या असत्या, बरं झालं, कळलं तरी. आता ते कुणालाच कळणार नाही.