उपरण्याखालचं एक मत

हे आजवर मी घरच्यांशिवाय कोणाले सांगतलं नाही. तुमी चहा पाजून राहिले म्हणून सांगतो. पण कप पहिले खाली ठेवा. मधातच हसाल, चहा नाकात जाईल आन् नाव माहं होईल.

नवे पैसे चालू होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. मी तवा अमरावतीले एका शाळेत मास्तर होतो. मास्तर म्हणजे टेंपररी. दर जूनमधी नवा कागद आन् दर एप्रिलात एकच शब्द, 'पाहू'. घरी भातकुलीले माय, बायको, दोन पोरी. चौघीबी त्या 'पाहू'वर डोळे लावून बसलेल्या.

हे 'पाहू' म्हणणारे म्हणजे दादासाहेब. कापसाचे मोठे दलाल आन् आमच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष. त्यायनं सही केली का मास्तर कायम. नाही केली का मास्तर भातकुलीले ढेकळं फोडायले मोकळा.

दादासाहेबाले एकच येड होतं, घड्याळाचं. अमरावती-अकोल्याचे असे नऊ येडे होते. कोणी दलाल, कोणी जिनिंगवाला, एक वकील. दर गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी जमायचे. एका साली अमरावतीले, एका साली अकोल्याले. ज्यानं ज्यानं त्या साली मुंबईहून भारी विलायती घड्याळ आणलं असेल, त्यानं ते गादीवर मांडायचं. मंग सगळ्यायनं मत देऊन सालाचं घड्याळ निवडायचं.

बक्षीस काय म्हणता? काहीच नाही. फक्त सालभर बाजारात मान वर करून चालायचं. पण दादासाहेब लागोपाठ तीन साल हरले होते. तिन्ही साल अकोल्याच्या वकीलसाहेबापुढं. घरात जेवण गोड लागत नव्हतं त्यायले.

त्या साली एक सभासद आजारी पडले. आठ मतं झाली तर बरोबरी होते, म्हणून नववा माणूस पाहिजे होता. दादासाहेबानं मले बोलावलं.

"मास्तर, अकोल्याले येता?"

"येतो ना साहेब."

"घड्याळातलं काही समजते?"

"नाही साहेब."

"मंग ठीक आहे."

गाडीत बसल्यावर त्यायनं मले धडा दिला. "हरलेल्याचं घड्याळ पहिलं मांडतात, गेल्या सालच्या जिंकलेल्याचं शेवटी. म्हणजे माहं एक नंबर, वकिलाचं पाच नंबर. तुमी एक बोट दाबायचं. किती?"

"एक, साहेब."

"जूनच्या कागदाचं मी पाहून घेतो."

'पाहू'चं आता 'पाहून घेतो' झालं होतं.

आता हे बोट दाबणं काय, ते सांगतो. आपल्या कापसाच्या बाजारात तवा भाव तोंडानं बोलत नसत. हातावर उपरणं टाकायचं आन् त्याच्याखाली समोरच्याची बोटं धरायची. एक बोट धरलं का एक, दोन धरली का दोन, अख्खा पंजा धरला का पाच. बाजूच्या माणसाले काही कळायचं नाही. या मंडळीनं मतदानबी तसंच ठेवलं होतं. स्वतःच्या घड्याळाले मत द्यायचं नाही, ही एकच अट.

उपरण्याखाली हात असायचा उस्मानचाचाचा. त्यायनं 'हं' म्हणलं का मत मोजल्या गेलं. चाचा म्हणजे अकोल्याचे जुने घड्याळजी. सत्तरीचं वय, पांढरी दाढी, डोळ्यावर जाड चष्मा. कोणाचं मत कुठं गेलं, हे त्यायच्या तोंडून कधी बाहेर आलं नव्हतं.

बैठक वकीलसाहेबाच्या घरी होती. भर दुपार, अकोल्याचं ऊन. वाळ्याचे पडदे ओले केले होते, तरी मले घाम सुटलेला. गादीवर पाच घड्याळं मांडली होती. दादासाहेबाचं अस्सल सोन्याचं, तबकडीत सेकंद-काट्याची येगळी टिकली. चांगलंच होतं. पण ते पाचवं! चावी द्यायचं काम नाही, नुसत्या हाताच्या हालचालीनं चालायचं, आन् एका बारक्या खिडकीतून तारीख दाखवायचं. चाचानं ते माह्या कानाले लावलं. आवाज इतका बारीक का मी श्वास धरून ऐकत राहिलो.

खरं सांगतो, माहं मन त्या पाचव्यात अडकलं. पण मनाले कोण इचारते? मले कायम व्हायचं होतं. मी मनात घोकत बसलो, एक बोट, एक बोट, एक बोट.

माही पाळी आली. दादासाहेब माह्याकडं पाहून राहिले होते. मी चाचाच्या पुढं जाऊन बसलो.

आता इथं माह्या बापाचं वळण आडवं आलं. भातकुलीले आमच्या शेजारी एक म्हातारे पिंजारी राहायचे. बापानं लहानपणीच शिकवलं होतं, बुजुर्ग माणसाले सलाम करशील तर त्याचा हात दोन्ही हातात घ्यायचा, मान थोडी वाकवायची. तेच अंगात भिनलेलं. समोर पांढरी दाढी दिसली, मी "सलाम चाचा" म्हणलो आन् उपरण्याखाली दोन्ही हात घालून त्यायचा पंजा गच्च धरला.

चाचा "हं" म्हणाले.

मी सुटकेचा श्वास टाकला. मंग ध्यानात आलं का मत द्यायचं राहिलंच. घाईनं पंजा सोडला, त्यायचं पहिलं बोट चाचपलं आन् दाबलं. तेवढ्यात चाचा बोलले, "हो गया बेटा, उठो."

उठलो. जागेवर येऊन बसलो. आन् मंग डोक्यात उजेड पडला. अख्खा पंजा म्हणजे पाच. चाचाचं 'हं' आलं होतं ते पंजावर. बोटावर नाही. म्हणजे माहं मत गेलं वकिलाले.

माय दिसली, बायको दिसली, दोन्ही पोरी दिसल्या. त्यायच्या मागं ढेकळं दिसली.

चाचानं उपरणं गुंडाळून ठेवलं आन् निकाल सांगाले लागले. "चार नंबर, एक भी नहीं. दो नंबर, एक. तीन नंबर, दो. पाँच नंबर, पाँच."

वकीलसाहेब चवथ्यांदा जिंकले. दादासाहेबाचा चेहरा पाहवत नव्हता.

"और एक नंबर कू," चाचा म्हणाले, "एक."

दादासाहेब उठले. मले वाटलं, आता टोपी घालून निघतात. तर ते माह्यापाशी आले, खांद्यावर हात ठेवला आन् सगळ्यायले ऐकू जाईल असं बोलले, "बाकी सगळ्यायनं पाठ फिरवली. हा एक मास्तर माह्या संगं राहिला. मास्तर, जूनपासून तुमी कायम."

आता तुमीच सांगा, तुमी काय केलं असतं? गपचूप शरबत पेलं असतं ना? शहाणा माणूस तेच करते. मलेबी शरबत दिलं होतं. पण मी पेला तसाच खाली ठेवला. दोन सालापासून ज्याच्यासाठी जीव टांगणीले लागला होता, ते हातात आलं होतं, आन् ते खोट्यावर आलं होतं. त्यात दादासाहेबाचा हात अजून माह्या खांद्यावर होता, चांगला जड.

तेवढ्यात वकीलसाहेबानं हसत इचारलं, "काय हो मास्तर, त्या घड्याळात तुम्हाला एवढं काय दिसलं?"

झालं. मी ताडकन उभा राहिलो.

"साहेब, ते मत माहं नाही. मी चाचाले सलाम केला, पंजा धरला, तो पाच मोजल्या गेला. मले माफ करा."

दादासाहेबाचा हात हळूच खांद्यावरून निघाला.

वकीलसाहेबाचं हसणं थांबलं. वकीलच तो. "मग ते एक मत कोणाचं?" म्हणाले. "माझं नाही. मी तीनला दिलं." मंग एकेकाकडं पाहत गेले. "तुमचं?" "माहं नाही." "तुमचं?" "नाही बाप्पा." असं करत आठही माणसं झाली. राहिले दादासाहेब.

सगळे त्यायच्याकडं पाहाले लागले.

"म्हणजे?" दादासाहेबाचा आवाज चिरकला. "मी सोताच सोताले मत दिलं म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही," वकीलसाहेब म्हणाले.

न बोलताच समजलं सगळ्यायले. ज्या माणसाचा सगळा धंदा उपरण्याखालच्या इमानावर, तोच उपरण्याखाली लबाडी करते, असं दुसऱ्या दिवशी बाजारभर झालं असतं. आन् हे कोणी केलं? मी. त्यायनं मले कायम केल्यावर दहा मिनिटांत. मले वाटलं, जमीन फाटली तर बरं होईल.

तेवढ्यात चाचानं चष्मा काढून गादीवर आपटला.

"ए मास्टर! चालीस साल हो गए मेरे कू इस धंदे में. सलाम और सौदे का फरक नहीं मालूम क्या मेरे कू? दो हाथ से कोई भाव बोलता क्या? तेरा सलाम मैंने सलाम में लिया. बाद में तूने एक उंगली दबाई. वो एक तेराच है."

मंग वकीलसाहेब जे हसले, का बाकीचेबी गादीवर लोळाले लागले. कोणी मले पाठीवर थापटलं, कोणी उठून दोन्ही हातानं मले सलाम केला. चाचा खरं बोलले का दादासाहेबाची अब्रू झाकली, हे मले आजबी नक्की सांगता येत नाही.

दादासाहेब तेवढे हसले नाहीत.

परतीच्या गाडीत ते मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होते. मंग बोलले.

"मास्तर, तुमी मत दिलं एक. बरोबर?"

"हो साहेब."

"आन् भर बैठकीत उभं राहून सांगतलं पाच."

"हो साहेब."

"शाळेत कोणता इषय शिकवता?"

मी खाली मान घातली. "गणित, साहेब."



जूनमधी कागद आला. बायकोनं फोडला. नोकरी कायम. चार लोकायत दिलेला शब्द दादासाहेबानं मोडला नाही. फक्त खाली हुद्दा लिहिला होता, ड्रिल मास्तर.

मी धावत त्यायच्या गादीवर गेलो. "साहेब, उपकार झाले. पण ड्रिल काहून?"

दादासाहेबानं वर न पाहताच सांगतलं, "तिथं चारच्या पुढं मोजा लागत नाही."