आईने घोडीला लगाम घातला

माझी आई दातांची डॉक्टर. दवाखाना कायमचा बंद केल्यावर पुढच्याच आठवड्यात तिने जाहीर केलं, "मी घोड्यावर बसायला शिकणार." तिला एकटीला कसं सोडायचं, म्हणून मीही नाव घातलं.

आमचा वर्ग खडकवासल्याच्या बाजूला भरायचा. पहिल्याच सकाळी शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या हातात लगाम दिला. "आधी घोडीला हा घालायचा. बसायचं नंतर." लगामाची तोंडात बसणारी लोखंडी कडी मी घोडीच्या ओठांशी नेली. तिने दात घट्ट आवळले आणि मान अशी उंच केली की माझा हातच पोचेना.

"सरक, मला बघू दे," आई म्हणाली. थंडीने गार पडलेली कडी तिने आधी तळहातांत धरून ऊबदार केली. मग घोडीच्या ओठांच्या कोपऱ्यात, जिथे दात नसतात, तिथे अंगठा सारला आणि सवयीने म्हणाली, "हं, आ करा."

घोडीने खरंच आ केला. कडी अलगद आत गेली.

बाई चकित झाल्या. "अहो, आपण आधी कुठे शिकलात का?"

"छे हो. पण इतका शहाणा पेशंट पहिल्यांदाच भेटला."

मग आम्हाला जे हसू फुटलं ते थांबेचना. आई रिकिबीत पाय घालून वर चढली तीही हसतच. घोडी दुडक्या चालीने निघाली, तशी "अगं, पळतेय ती! पळतेय!" असं ओरडत आईने मैदानाला फेरी मारली. मी कुंपणाला टेकून पोट धरून हसत होते. फेरी संपल्यावर ती खाली उतरली.

"आता तू बस," ती धापा टाकत म्हणाली, "पण लवकर उतर. मला अजून एक फेरी मारायचीय."