प्रिंट काढली की बंद
नव्या तुरीचा वास आला की उदगीरच्या मोंढ्यातलं ते आडत दुकान आठवतं. तिथल्या कॉम्प्युटरचा स्क्रीन निळा पडून तो सारखा बंद व्हायचा. तिसऱ्यांदा दुरुस्तीला गेलो तेव्हा वैतागून मी मालकाला म्हणालो, "तुमच्या ऑपरेटर बाई कायतरी भलतंच दाबून राहिल्या." बाई कळवळून बोलल्या, "न्हाई हो दादा, प्रिंट काढली की बंद पडतंय." मी ऐकलंच नाही. मालकानं त्यांना कामावरून काढलं. आठवड्यानं मालक दुकानात नसताना मी स्वतः प्रिंट काढून पाहिली, पुन्हा तेच झालं, तेव्हा नीट तपासलं. प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, मीच चुकीचा टाकला होता. गुपचूप बदलला. मालक खुशीत म्हणाला, "बाई गेल्या अन् मशीन सुधारलं बघा!" मी हसलो, त्याचा चहाही प्यालो. बाईंचं घर मला ठाऊक आहे. अजून गेलेलो नाही.