मुद्देमालातली अन्नपूर्णा

मी एम. ए.ला समाजशास्त्र घेतलं तेव्हा वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "यात नोकरी कुठली मिळते?" ते सोलापूरच्या कचेरीत कारकून होते. त्यांच्या लेखी जगात शास्त्रं दोनच, वैद्यक आणि कायदा. बाकी सगळा पोरखेळ. मी म्हटलं, माणूस गुन्हा का करतो आणि समाज त्याला शिक्षा का करतो, याचा मी अभ्यास करणार आहे. ते पानाला चुना लावत म्हणाले, "करायचा असतो म्हणून करतो, आणि केला म्हणून शिक्षा. झाला तुझा अभ्यास. आता वकिलीचं बघ."

मुंबईला आमच्या वर्गात मात्र या प्रश्नावर रणं माजत. जुनी मंडळी म्हणत, गुन्हा रक्तातच असतो, कवटीच्या ठेवणीवरून ओळखता येतो. नवी मंडळी म्हणत, गुन्हेगार समाज घडवतो, आणि शिक्षा गुन्हेगारासाठी नसतेच. बाकीच्यांना आपण सज्जन आहोत असं वाटत राहावं म्हणून ती असते. मी अर्थातच नव्यांच्या बाजूचा. त्या वयात माणूस नव्यांच्याच बाजूचा असतो. प्रबंधासाठी विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आमच्या गावाबाहेर तो तारेच्या कुंपणात बंद करून ठेवलेला होता.

सरकारने काही जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या होत्या. बाप गुन्हेगार म्हणून मुलगा गुन्हेगार, आणि त्याचं पोर पाळण्यातच गुन्हेगार. अशा लोकांना इथल्या वसाहतीत आणून ठेवलेलं होतं. पुरुष-बाया गिरणीत कामाला जात, भोंग्याबरोबर बाहेर पडत आणि भोंग्याबरोबर परत येत. आल्यावर हजेरी. गिरणीखेरीज दुसरीकडे जायचं तर पास लागे. कुठे जाणार, कशासाठी, परत कधी, सगळं त्यावर असे. गावातले लोक त्या वसाहतीला नुसतं 'तार' म्हणत. घरात वाटी सापडेना झाली की बायका पटकन म्हणत, "तारेतलं कुणी येऊन गेलं का?"

मी वसाहतीच्या साहेबाची परवानगी काढून सुट्टीत तिथे जाऊ लागलो. जवळ वही आणि शिंप्याची टेप. कवट्या मोजून जुन्या मंडळींचं म्हणणं खोडून काढायचा माझा बेत होता. माझ्याच वयाचा एक गवंडी तिथे मला पहिल्यांदा डोकं मोजू देणारा निघाला. मोजून झाल्यावर त्याने टेप माझ्या हातातून घेतली, माझ्या डोक्याभोवती गुंडाळली आणि अंगठ्याने खूण धरून जमलेल्या लोकांना दाखवली. "सारकंच हाय की! सायेब, तुमाला बी आत घ्याया पायजे." लोक खदखदून हसले. मीही हसलो. आत घ्यायची वेळ माझ्यावर कधी येणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून तर तो विनोद होता.

या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट होती. वर्तणूक बरी असलेल्या कुटुंबांना तारेबाहेर, पलीकडच्या माळावर, घर बांधू देत. हजेरी तिथेही चुकत नसे, पण पाठीमागे दरवाजा लागत नसे. त्याला ती परवानगी मिळाली होती. रविवारी पास काढून तो माळावर भिंत घाली. बायकोला दिवस गेलेले. "पोर तारंभाईर हुया पायजे," तो मला चार वेळा तरी म्हणाला असेल. "मी आत झालो, माजी बाई आत झाली. ह्ये भाईर हुया पायजे." भिंत कमरेइतकी आली होती. पत्रा तेवढा राहिला होता.

त्या चैत्रात आमच्या माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, नवी पांढरी माती घालायची होती. पावसाळ्यात त्यातून चिखल गळायचा आणि आई घरभर परातींची मांडणी करून बसायची. मीच वडिलांच्या मागे लागलो आणि त्या गवंड्याला कामाला लावलं. पास काढून तो आला. दिवसभर वर धुमूस घालून माती ठोकत होता आणि खाली आमच्या डोक्यात, पाण्यात, देव्हाऱ्यात माती गळत होती. आई वैतागून गेली होती. तिने लगबगीने देव झाकले, निर्माल्य गोळा केलं आणि नेहमीसारखं परसातल्या विहिरीत सोडलं. निर्माल्य पायाखाली येऊ नये म्हणून ती ते कायम विहिरीतच सोडायची.

दुसऱ्या दिवशी पूजेला बसली तर अन्नपूर्णा नाही. बोटभर उंचीची चांदीची मूर्ती, आईला लग्नात तिच्या आईने दिलेली. मुलगी सासरी निघाली की तिच्या ओटीत अन्नपूर्णा घालायची आमच्याकडे रीत. माहेरचं म्हणून आईजवळ तेवढंच उरलं होतं. तिने जेवणच टाकलं. घर धुंडाळून झालं, आणि वडील टोपी घालून चौकीवर गेले. "अहो, जरा थांबा ना," मी म्हणालो. ते म्हणाले, "कशाला थांबू? काल घरात परका माणूस कोण होता?"

आठवड्याभरात फौजदार स्वतः सांगत आले की पकडून नेलेल्या गवंड्याने मॅजिस्ट्रेटसमोर गुन्हा कबूल केला. मला तोंडात मारल्यासारखं झालं. राग आला तो त्याचा. मी याच्यासाठी कवट्या मोजत हिंडतो आणि हा माझ्याच घरातला देव उचलतो! फौजदारांची एकच तक्रार होती: "कबूल करतोय, पण माल कुठे ठेवला ते काही केल्या सांगत नाही. लई चिवट. त्यावाचून खटला अडलाय." वडील माझ्याकडे बघून म्हणाले, "लिही तुझ्या प्रबंधात."

वैशाखात सोलापूरच्या विहिरी तळाला जातात. घरोघर गाळ काढतात, आमच्याकडेही काढला. माणूस खाली उतरून घमेली भरत होता आणि परसात काळ्या गाळाचा ढीग वाढत होता. जुनी कुजकी फुलं, दोन तांबे, एक रहाटाची दोरी. आई तांबे धुवायला खाली बसली आणि बसल्या जागी 'अगं बाई' एवढंच म्हणाली. तिच्या तळहातावर चिखलात माखलेली अन्नपूर्णा होती.

मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी आठवला तो कोठडीतला गवंडी. आई माझ्याआधी बोलली. "माती गळत होती त्या दिवशी मीच फुलांबरोबर टाकली रे. माझ्याच हाताने." मग उठून तिने पातळ बदललं. वडील म्हणाले, "कुठे निघालीस? फिर्याद माझ्या सहीची आहे. कचेरीत मी काय तोंड दाखवू?" आई त्यांना उलट बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही ती उलट बोलली नाही. नुसती पायरी उतरून नाक्यावरच्या टांग्यात जाऊन बसली, आणि तिच्या मागोमाग मी.

चौकीवर फौजदारांनी तिला खुर्ची दिली. आईने रुमालातून मूर्ती काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं: माती, निर्माल्य, विहीर, गाळ. ते लक्ष देऊन ऐकत होते. त्यांचा चेहरा उजळत गेला तसा मलाही धीर आला. शेवटी ते टाळी वाजवून म्हणाले, "म्हणजे विहिरीत टाकली होती लेकाने!"

"त्याने नाही हो, मी," आई म्हणाली.

"आई, तुमचं मन मोठं आहे. पण असं बघा, हा माणूस माळवदावर, विहीर बरोबर खाली. वरून टाकली, चार महिन्यांनी येऊन काढणार होता. ही यांची नेहमीची रीत."

मी मध्ये पडलो. कबुली दबावाखाली असू शकते, गुन्हेगार आधी ठरवून मग गुन्हा शोधला जातो, वगैरे वगैरे. मुंबईत या वाक्यांवर टाळ्या पडत. फौजदारांनी मला पाणी विचारलं. आईने पुन्हा सांगितलं, "मी शपथेवर सांगते, माझ्या हातून गेली." ते हात जोडून म्हणाले, "तुमच्यासारख्या घरंदाज बाईला या माणसांपायी कोर्टाची पायरी चढायला लावू? मला पाप लागेल." आणि त्यांनी शिपायाला हाक मारून मूर्ती मुद्देमाल म्हणून जमा करून घेतली.

तेव्हा मला कळलं की आम्ही काय करून बसलो. खटला अडला होता तो माल सापडत नव्हता म्हणून. तो आम्ही रुमालात बांधून आणून दिला होता. खोट्या कबुलीवर सगळ्यांचा तात्काळ विश्वास बसला होता, आणि खरी कबुली द्यायला आलेल्या माझ्या आईला कुणी विचारत नव्हतं.

आईने एकच हट्ट धरला, त्याला भेटायचं. फौजदार खुशीत होते, भेटू दिलं. तो गजांमागे उकिडवा बसला होता. आईला बघून उठला. मी घाईघाईने सांगितलं की मूर्ती विहिरीत सापडली, तू चोरली नाहीस हे आम्हाला ठाऊक आहे, आता तू कबुली मागे घे, मी वकील देतो.

तो आधी शांत होता. वकिलाचं नाव काढल्यावर मात्र घाबरला.

"न्हाय, न्हाय. आता काय बी करू नगा तुमी."

"अरे, पण तू केलेलंच नाहीस!"

"म्या न्हाय केलं ते मला बी ठावं हाय की." इकडेतिकडे बघून तो गजाजवळ आला. "गावात चोरी झाली का आमचं समद्यांचं पास बंद हुत्यात. गिरनी बंद, चूल बंद. मंग पंच बसत्यात आन् एक मानूस देत्यात. आवंदा माजी पाळी."

मला नीट समजायला वेळ लागला. चोरी कुणी केली हे तिथे कुणी शोधतच नव्हतं. पोलिसांना माणूस हवा असे, पंच माणूस देत. गेलेल्या माणसाच्या घरची चूल सगळे मिळून पेटती ठेवत, आणि बाकीच्यांना पास मिळत.

"आणि नाही म्हटलं असतं तर?"

"जातीभाईर. मंग माज्या बाईचं बाळतपन कोन करनार? पानी कोन देनार?" तो आईकडे वळला. "आन् माय, आता म्या सुटलो तर दुसरा द्यावा लागंल. माज्या मागं म्हातारा हाय येक. त्यो काय जगनार न्हाय तुरुंगात."

"तुझं घर रे?" आई म्हणाली. "माळावरचं?"

त्याने नुसती मान हलवली. शिक्षा झालेल्याला तारेबाहेर घर मिळत नसे, हे तिला सांगायची गरज नव्हती. येताना टांग्यात ती पदर तोंडाला लावून रडली आणि मी बाहेर बघत राहिलो. समाजाला धरून ठेवायला शिक्षा लागते, असं मी परीक्षेत तीन पानं भरून लिहिलं होतं. ते खरंच निघालं होतं. तारेच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे खरं निघालं, आणि मधे तो माणूस चेपला गेला. मला त्या पुस्तकांचा संताप आला, आणि ती बरोबर होती म्हणून जास्तच आला.

त्याला सक्तमजुरी झाली. प्रबंधाचं घोडं तिथेच अडलं. जे मला समजलं होतं ते लिहिलं असतं तर सगळ्या वस्तीवरच कट केल्याचा आळ आला असता. ते गाळून लिहायचं तर कवट्यांची मापं तेवढी उरत होती. मी मुकाट्याने वकिलीला नाव घातलं. वडील खूश झाले. अन्नपूर्णा कोर्टातून परत आली ती गळ्यात सुतळीने चिठ्ठी बांधून, चिठ्ठीवर खटल्याचा आकडा. आईने सुतळी कापली, मूर्ती चिंचेने घासली, देव्हाऱ्यात ठेवली. पण मूर्तीला हळदकुंकू वाहताना तिचा हात अडे. "माझीच आहे," ती म्हणे, "पण चोरीची झाली."

पुढच्या चैत्रात माळवद पुन्हा नीट करायचं निघालं. तो सुटून आला होता. त्यालाच बोलवा, असं आईने सांगितलं. वडिलांनी कचेरीत जाण्यापूर्वी देव्हाऱ्याला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. देव्हारा सागाचा होता, पण जुना. आईने उलथन्याने कडी उचकटली.

दुपारी तो माती संपवून खाली आला. केस बारीक कापलेले, गालफडं बसलेली. हसला मात्र तसाच. "देवी घावली न्हवं? बरं झालं." आईने त्याला पिठलं-भाकरी वाढली आणि समोर बसून विचारलं, "काय झालं रे?"

"पोरगी झाली. आतच." भाकरी मोडत तो म्हणाला, "माळावरली भिंत पावसानं बसली."

आई आत गेली आणि मूठ झाकून बाहेर आली. त्याच्यापुढे तिने मूठ उघडली. "ही तुझ्या लेकीला घे. आमच्याकडे मुलीला देतात. माझ्या आईने मला दिली, मला मुलगी नाही."

त्याचा घास हातातच राहिला. मूर्तीकडे बघत तो हळूहळू मागे सरकला, आणि त्याची पाठ भिंतीला टेकली.

"न्हाय माय. ती लांब धरा."

"अरे, मी आपणहून देतेय. मी लिहून देते, हा माझा मुलगा वकील होतोय, तो लिहून देईल."

"झडतीत घावली तर मला इचारत्यात का, कुनी दिली म्हनून?" तो कळवळून म्हणाला. "आन् पोरीच्या गळ्याला नगा लावू, माय. आत्ताशी पाच म्हयन्याची हाय."

आई तळहात तसाच पुढे धरून उभी राहिली. मग तिने मूठ मिटली. त्याने भाकरी संपवली, हात धुतले, पास कनवटीला आहे ना ते चाचपून पाहिलं, आणि धुमूस खांद्यावर टाकून भराभरा निघाला. हजेरीची वेळ होत आली होती.