राखेची पिशवी

महाडच्या बाजारपेठेत विजेच्या वस्तूंचं एक दुकान आहे. मी महाडला कॉलेजात होतो ती वर्षं आई रोज सकाळी ते दुकान झाडायची. आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. पहिल्या एसटीने दोघं खाली यायचो, ती दुकानात, मी कॉलेजात. आमच्या घरात पदवीचा पहिला कागद आला तो त्या झाडूमुळे. हे मी कुठेही, कोणासमोरही सांगतो.

पूर ओसरला की महाडात चिखल मागे राहतो आणि वाळला की त्याची पिठासारखी धूळ होते. अशाच एका वर्षी झाडता झाडता आईला खोकल्याने धाप लागली. तिने मांडणीवरच्या व्हॅक्युम क्लीनरकडे बोट दाखवलं.

"शेठ, ता यंत्र एक डाव लावून बघू काय?"

शेठ गल्ल्यावरून म्हणाला, "मावशी, यंत्र बिघडलं तर भरून कोण देणार? तू बिघडलीस तर दुसरी येईल."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. आईसुद्धा हसली. मी तिचा विसरलेला डबा घेऊन दारात उभा होतो. तिचं ते हसणं मी शेठला कधीच माफ केलं नाही. समोर मी त्याला अहो-जाहो करतो, लिहिताना मात्र करवत नाही.

आता मी पोलादपुरात नोकरीला आहे. महामार्गाला लागून दोन खोल्या घेतल्या आहेत. कशेडी घाट चढायला निघालेल्या ट्रकांची धूळ खिडक्या बंद असल्या तरी आत येते. डॉक्टरांनी आईला सांगितलं, झाडू हातात धरायचा नाही. ती ऐकेना. मी कामावर गेलो की झाडायची आणि संध्याकाळी माझ्यापासून खोकला लपवायची.

म्हणून यंत्र घ्यायचं ठरलं. परीक्षेचा अभ्यास करावा तसा मी त्याचा अभ्यास केला. नुसत्या वॉटच्या आकड्याला भुलायचं नाही, हवा ओढायची ताकद किती ते बघायचं. पिशवी परत परत विकत घ्यावी लागते का, सुटे भाग मिळतात का, दुरुस्तीला पुण्याला पाठवावं लागतं का, सगळं वहीत लिहिलं. माहितीपुस्तकं मोबाइलवर वाचली. जवळजवळ प्रत्येकात एक सूचना होती: चुलीची राख ओढू नये, फिल्टर चोंदतो.

ती ओळ मी दोनदा वाचली. मग वाडीवर जाऊन काकीच्या चुलीतली राख चाळून पिशवीत भरून आणली.

ती घेऊन आईबरोबर महाडच्या त्याच दुकानात गेलो. शेठने मला ओळखलं नाही. आईलाही नाही. तिने नवं लुगडं नेसलं होतं आणि डॉक्टरांनी सांगितलेला मास्क लावला होता. "या साहेब. काकी, बसा." ज्या दुकानात ती कधी टेकली नव्हती तिथे तिला खुर्ची मिळाली.

मी म्हणालो, "आमच्याकडे चूल आहे. राखेवर चालवून दाखवा, मगच घेईन." राख फरशीवर पसरली. मोठं गिऱ्हाईक दिसल्यावर माहितीपुस्तक कोण उघडतो? शेठ स्वतः गुडघ्यावर बसला. पहिलं यंत्र स्वस्त होतं. मिनिटभर ओरडलं आणि गुदमरून बंद पडलं. शेठच्या भुवया पांढऱ्या झाल्या. मला फार बरं वाटलं.

"दुसरं लावा," मी म्हणालो.

दुसऱ्याने पुढून ओढलेली राख मागून फेकली. थेट खुर्चीकडे. मास्क असूनही आई खोकायला लागली. थांबेचना. मी हललो त्याआधी ती उठली, गल्ल्यामागे गेली, माठावरचा पेला न बघता उचलला आणि पाणी प्यायली.

शेठ तसाच गुडघ्यावर. "मावशी? तू?"

"तीच," मी म्हणालो. "बिघडलेली."

त्याला आठवलं की नाही ते कळलं नाही. तो यंत्रांकडे बघून म्हणाला, "साहेब, दोन मशीन चोंदले. भरून कोण देणार?"

"फिल्टर धुवा, शेठ. पुस्तकात दिलंय. आता तिसरं लावा."

तिसऱ्याच्या टाकीत पाणी घालायचं असतं, धूळ त्या पाण्यात बसते. त्याने राहिलेली सगळी राख ओढली, पाणी काळं झालं आणि मागून काहीच उडालं नाही. भरवशाचं यंत्र तेच होतं. मी मोबाइलवरचा भाव दाखवला. शेठ कुरकुरत त्या भावावर उतरला. पण माझ्या मनात वेगळंच होतं. इथे फक्त परीक्षा घ्यायची आणि यंत्र मोबाइलवरून मागवायचं. या माणसाला एक रुपया द्यायचा नाही. मी आईला म्हणालो, "चल."

ती जागची हलली नाही. "हितंच घे. बिघडला तर तुझा फोन येनार हाय काय दुरुस्त करायला? खोकला माझा हाय रे, राग तुझा. त्याला धडा शिकवायला तुला माझाच नाक गावला?"

मी पैसे दिले. पण बिल शेठकडे परत सरकवलं आणि म्हणालो, "खाली लिहा. बिघडल्यास दुकान भरून देईल. शिक्का नको, तुमच्या हाताने."

शेठने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. तेव्हा मात्र त्याला आठवलं. कान लाल झाले. त्याने लिहिलं. अक्षर वाईट होतं, मी "भरून" हा शब्द पुन्हा लिहायला लावला.

ते बिल माझ्या पदवीच्या कागदाशेजारी ट्रंकेत आहे. आई रोज यंत्र फिरवते, काळं पाणी मोरीत ओतते आणि पूर्वीपेक्षा कितीतरी कमी खोकते. यंत्र चांगलंच निघालं, आजवर कुरकुरलंसुद्धा नाही. रविवारी ते सुरू झालं की मी पेपर खाली ठेवून आवाज ऐकत बसतो.

"काय ऐकतोस?" आई विचारते. "बिघडायची वाट नको बघू रे."

मी पेपर उचलतो. वाट बघतोच.