मशीनीची सुट्टी

विमलावहिनीले मी लई वर्सं येडी म्हटलं. मागं नाही, तोंडावर म्हटलं. येडं कोण होतं ते आता सांगते, ऐका.

महागूदादा माहा मोठा भाऊ. घर बालाघाटले, अन काम लालबर्र्याच्या राइस मिलमधी, मिस्त्रीचं. दोन हजार दोनमधी लुनावरून घरी येताना जीपनं उडवलं. डोक्याले मार लागला. सहा महिने नागपूरच्या दवाखान्यात काढले. घरी आला तो दादाच होता, पण पोरीचं नाव आठवे ना, जेवला का नाही ते आठवे ना. अन झोपला का असा घोरे का शेजारी उठे, मंग घोरता घोरता एकदम बंद! काही वेळानं हिसका देऊन श्वास घे.

नागपूरच्या डाक्टरनं वहिनीले साफ सांगतलं, "घोरणं थांबलं का समजा श्वास थांबला. रोज मशीन लावूनच झोपवा. नाही तर डोकं सुधरणार नाही, अन एखाद्या दिवशी माणूसच जाईल."

मशीन म्हणजे एक डब्बा, त्याले नळी, नळीले रबराचा मुखवटा. तो नाकावर बांधाचा, मंग डब्बा हवा सोडे. दादा रोज ओरबाडून फेके. वहिनी समजावे, तो हौ म्हणे, अन पाच मिनिटांत विसरे. एकदा तिच्या तोंडावरच फेकला, ओठ फुटला तिचा. मी सासरहून, रामपायलीहून, आलती तवा. म्हटलं, "काहून छळतं वं त्याले? चांगल्या माणसाले सोंड लावतं!"

मंग एक दिवस वहिनी अंगणात तांदूळ पाखडून राह्यलती. कोंडा उडाला. दादा खाटेवरून उठला, खांद्यावरचा दुपट्टा घेतला अन नाकातोंडाले गच्च बांधला. वीस वर्सं मिल चालू कराच्या आधी तो हेच करे. डोकं विसरलं होतं, हात नव्हते विसरले.

त्या दिवसापासून झोपाच्या वेळी ती सूप घेऊन बसे. मूठभर कोंडा उडवे, मुखवटा त्याच्या हाती दे अन म्हणे, "मिस्त्री, मिल चालू करा." नवऱ्याले मिस्त्री! मी हसून हसून मेली. पण दादा आपल्या हातानं मुखवटा बांधे, बटन दाबे, घरघर ऐकली का निवांत झोपे. वहिनीनं एक दिवस चुकवला नाही. अंगात ताप असला तरी सूप. चार महिन्यांनी दादानं सकाळी हाक मारली, "श्रुतिका, चहा आण वं." पोरगी दारातच रडाले लागली. मले फोनवर सांगतलं तर मीबी रडली, खोटं काहून बोलू?

दसऱ्याले मी आली. वहिनी पुरणात गुंतलती. मले वाटलं, ह्या मशीनीनं माहा भाऊ वापस आणला, तिची पूजा नको? हळदकुंकू वाह्यलं, झेंडूचा हार घातला. दादा खाटेवरून पाहून राह्यलता. मले काय मालूम, मिलमधी दसऱ्याले पूजा झाली का दुसऱ्या दिवसापर्यंत बटनाले कोणी हात लावत नाही!

रातच्याले वहिनीनं सूप आणलं, कोंडा उडवला. दादा म्हणे, "पूजा झाली. आज मिल बंद." तिनं हार काढला, कुंकू पुसलं, त्याच्या पाया पडली. तो खवळला, "दसऱ्याले मशीन चालवतं? कोणाचा हात गेला मंग?" अन तिले ढकलून देल्लं.

वहिनी उठली. "मी जागी बसते, बाई."

"एका रातीनं काय आभाळ कोसळते? सकाळपासून चुलीपाशी होती, तू झोप. मी हाओ ना."

ती ऐके ना. मीच जबरीनं निजवली. निजता निजता म्हणे, "घोरणं थांबलं का हालवजा."

"हौ वं हौ," म्हटलं.

दादा जोरजोरात घोरून राह्यलता. मी खुर्चीवर बसली. जरासा डोळा लागत होता तवाच घोरणं थांबलं. मले ऐकू आलं. दादाले जाऊन चार वर्सं झाले, हे मी वहिनीले सांगतलं नाही. तिले वाटते का मले झोप लागलती. मी जागी होती. घोरणं थांबलं अन मले बरं वाटलं. म्हटलं, चला, दादाले शांत झोप लागली.