येनहुंगचा अर्थ

इंदापूरच्या फरजानाच्या पोटात दुखायचं ते रश्मीच्या नावानं. लपवायचं कशाला! रश्मी शेळगावची. दोघी बारामतीच्या एमआयडीसीत एकाच कारखान्यात. तिथं चिनी मशिनी आल्या आणि पाठोपाठ चिनी भाषा शिकवायला लिन मॅडम आल्या. वर्षभर शिकवून झाल्यावर दोघींतली एकच दुभाषी म्हणून चीनला जाणार होती.

फरजानानं घसा कोरडा करून घोकावं आणि रश्मीनं भाकरी थापता थापता तिच्यापेक्षा चार शब्द जास्त पाठ करून यावं! "मेलीला जमतं तरी कसं?" फरजाना आईपाशी चरफडायची.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी एक शब्द अडला, येनहुंग. येन म्हणजे डोळा, हुंग म्हणजे लाल, इथवर ठीक. पुढचं नाइलाजानं रश्मीलाच विचारावं लागलं.

"डोळं लाल हुणं," रश्मी म्हणाली. "दुसरं काय असतंय?"

दुसऱ्या दिवशी दोघी आपापल्या स्कूटीवर निघाल्या. रश्मी पुढं, फरजाना मागं, आणि सगळा फुफाटा फरजानाच्या डोळ्यांत. "डोळ्यांना काय झालं गं?" लिन मॅडमनी चिनीत विचारलं. आला की शब्द कामाला! फरजानानं ठणकावून सांगितलं, "रस्ताभर रश्मी माझ्या पुढं होती, म्हणून मला येनहुंग झालंय."

मॅडमना हसू आवरेना. "अगं, दुसऱ्याचं चांगलं बघून जळणं म्हणजे येनहुंग!" मग गंभीर होऊन म्हणाल्या, "रश्मीचा उच्चार सुधारता येईल. पण दुभाष्यानं अर्थ चुकवून कसं चालेल?" आणि कागदावर रश्मीचं नाव लिहिलं.

फरजानानं रश्मीला गेटाशी गाठलं.

"तुला खरा अर्थ म्हाईत व्हता?"

"व्हय."

"मग सांगितला का न्हाईस गं?"

रश्मी ओढणीचं टोक पिळत राहिली. "मॅडम समद्यांदेखत तुझ्या उच्चाराचं कौतुक करायच्या. माझा एक शब्द धड निघायचा न्हाय. मला लई..." तिला मराठीत सांगवेना. "येनहुंग," ती म्हणाली.

तिच्या झिंज्या उपटाव्यात असं फरजानाला वाटलं. पण त्याहून जास्त जीव जळला तो भलत्याच गोष्टीनं. मेलीचा उच्चार आज अगदी बरोबर आला होता.